क्यूआर कोड काढला, पण हिशेब कुठे जाईल?

जुलै २०२५ मध्ये तुम्ही कर्नाटकातल्या एखाद्या शहरात टपरीवर चहा प्यायला असाल, तर ‘नो यूपीआय, ओन्ली कॅश’ अशी पाटी तुम्ही नक्की पाहिली असेल. बंगळूरमध्ये ती जास्त दिसली. पण म्हैसूरमध्ये माझ्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या टपरीवरूनही एका सकाळी क्यूआर कोडचा पुठ्ठा नाहीसा झाला होता. चहा पंधरा रुपयांचा आणि माझ्या हातात पाचशेची नोट. टपरीवाल्या अण्णांनी गल्ला उघडून दाखवला. दहाच्या तीन-चार मळक्या नोटा आणि थोडी नाणी. ‘चिल्लरे इल्ला, मॅडम. नाळे कोडी,’ ते म्हणाले. सुट्टे नाहीत, उद्या द्या.

म्हैसूर हे नोटा छापणारे शहर आहे. महाराष्ट्रात जसा नाशिकरोडचा छापखाना, तसा इथे रिझर्व्ह बँकेच्या मालकीच्या भारतीय रिझर्व्ह बँक नोट मुद्रण या कंपनीचा. नोटांचा कागद बनवणारी गिरणीही इथेच आहे. तरी सुट्ट्यांची वानवा इथेही तीच, आणि इथले रिक्षावाले त्यावर विनोदही करतात. पण त्या आठवड्यातली टंचाई विनोदाची नव्हती. अण्णा घाबरलेले होते. त्यांना नोटीस आलेली नव्हती, येईल अशी भीती होती. ती भीती कितपत खरी होती आणि क्यूआर काढून ती टळते का, हे तुम्हाला समजावे म्हणून हा लेख. महाराष्ट्रातल्या दुकानदारांनाही तो लागू पडतो, कारण जीएसटीच्या या मर्यादा तिथेही त्याच आहेत.

नोटिसा कशाच्या होत्या?

कर्नाटकच्या वाणिज्य कर विभागाने यूपीआय सेवा देणाऱ्या कंपन्यांकडून २०२१-२२ ते २०२४-२५ या चार आर्थिक वर्षांची माहिती घेतली. कोणत्या व्यापाऱ्याच्या खात्यात वर्षभरात किती रक्कम जमा झाली, एवढे त्यातून कळते. मालाची विक्री करणाऱ्याची उलाढाल वर्षाला ४० लाख रुपयांच्या वर गेली, किंवा सेवा देणाऱ्याची २० लाखांच्या वर, तर जीएसटी नोंदणी करावी लागते. ज्यांची जमा या रेषेपलीकडे दिसली आणि नोंदणी मात्र नव्हती, त्यांना नोटिसा गेल्या. त्यात बेकऱ्या होत्या, छोटी किराणा दुकाने होती, चहा-सिगारेटच्या टपऱ्या होत्या.

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती एका भाजीविक्रेत्याला आलेल्या नोटिशीची. चार वर्षांत यूपीआयने १ कोटी ६३ लाख रुपये आले म्हणून सुमारे २९ लाख रुपये कर. तुम्हीच गुणाकार करून पाहा. १ कोटी ६३ लाखांचे १८ टक्के म्हणजे २९ लाखांच्या थोडे वर. म्हणजे दुकानात आलेला प्रत्येक रुपया करपात्र धरला, तोही १८ टक्क्यांच्या दराने, तर हा आकडा येतो. ताज्या भाजीवर जीएसटी शून्य आहे. निव्वळ करमुक्त मालच विकणाऱ्याला, विक्री कितीही असली तरी, नोंदणीसुद्धा लागत नाही. खात्यात आलेल्या पैशाची बेरीज बरोबर असेल, पण ते पैसे मेथीचे की मोबाइलच्या कव्हरचे, हे त्या बेरजेला कळत नाही.

व्यापारी संघटनांनी २५ जुलैला बंद पुकारला होता. दोन दिवस आधी, २३ जुलैला मुख्यमंत्री सिद्धरामय्या (ते म्हैसूरचेच) यांनी त्यांची बैठक घेतली. नोंदणी करून घ्या, जुन्या थकबाकीसाठी मागे लागणार नाही, करमुक्त माल विकणाऱ्यांकडून कर घेणार नाही, अशी भूमिका सरकारने घेतली आणि बंद मागे घेतला गेला. नोटिसा राज्याच्या की केंद्राच्या, यावरून दोन्हीकडचे नेते आठवडाभर एकमेकांकडे बोट दाखवत होते. नोटिसा राज्याच्या विभागाच्या होत्या. कायदा केंद्र आणि राज्यांनी मिळून केलेला आहे. तुमच्या दुकानाच्या दृष्टीने या वादाला याहून जास्त महत्त्व नाही.

उलाढाल म्हणजे कमाई नव्हे

आता माझ्या कामातली एक अडचण सांगते. मी सरकारी योजनांच्या माहितीचे भाषांतर करते. जीएसटीच्या मजकुरात दर दोन ओळींनी येणाऱ्या एका इंग्रजी शब्दासाठी आम्ही मराठीत ‘उलाढाल’ लिहितो. शब्द बरोबर आहे. पण वाचणारा तो ‘कमाई’ म्हणून वाचतो. ‘ताई, माझी वर्षाची उलाढाल चाळीस लाख? मी काय बंगला बांधलाय?’ असे मला गावाकडचा माझा मामेभाऊ विचारतो. कन्नडमध्ये याच अर्थाने ‘वहिवाटु’ म्हणतात. शब्द आपलाच, ‘वहिवाट’. आपल्याकडे ती शेताच्या बांधावरून जाते, तिकडे ती धंद्यात गेली. (‘चिल्लर’ मात्र आपण दक्षिणेकडून घेतली, त्यामुळे हिशेब फिटला.) वहिवाट म्हणजे जाण्या-येण्याची वाट. पैसा तुमच्या दुकानातून गेला, एवढेच उलाढाल सांगते. तो तुमच्याकडे राहिला, असे ती म्हणत नाही.

सिगारेटचे उदाहरण घ्या. टपरीवाला दिवसाला दोन हजारांची सिगारेट विकतो, त्यातले त्याच्या हातात फार थोडे उरते. पण उलाढालीत पुरते दोन हजार धरले जातात. दूध करमुक्त आहे, तरी तुम्ही दुधाबरोबर करपात्र मालही विकत असाल, तर मर्यादा मोजताना दुधाचे पैसेही बेरजेत येतात. कर भरताना ते वगळायचे, मर्यादा मोजताना धरायचे. हा फरक नीट वाचा, कारण बहुतेकांची चूक इथेच होते.

चाळीस लाख ऐकायला मोठे वाटतात. भागाकार केला की ते छोटे होतात. वर्षाच्या ३६५ दिवसांनी भागले तर दिवसाला अकरा हजारांच्या आत. बऱ्यापैकी चालणाऱ्या बेकरीला हे अवघड नाही. चहाच्या टपरीचे तर आणखी वेगळे. चहा करून देणे कायद्याच्या भाषेत सेवा धरली जाते, म्हणून तिची मर्यादा २० लाखांची. पंधरा रुपयांचा चहा, दिवसाला ३६५ कप, वर्षाचे ३६५ दिवस: १९ लाख ९८ हजार ३७५ रुपये. वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी आणखी दीडशे कप विकले की रेघ ओलांडली. माझ्या गल्लीतल्या अण्णांचे रोजचे कप तीनशेच्या आसपास असतील, आणि रविवारी ते बंद ठेवतात. नुसत्या चहावर ते रेषेच्या बरेच आत आहेत. पण बन आहे, बिस्किटे आहेत, सिगारेट आहे.

रोख घेतली तर सुटका होते का?

होत नाही. जीएसटी विक्रीवर आहे, पैसे कसे घेतले यावर नाही. यूपीआय, कार्ड, नोटा, नाणी, उधारीवर दिलेला माल, सगळे मिळून उलाढाल होते. वाणिज्य कर विभागानेही तेव्हा हेच स्पष्ट केले होते. क्यूआर काढल्याने विक्री कमी होत नाही, तिची नोंद तेवढी नाहीशी होते. आणि मागच्या चार वर्षांची नोंद तर आधीच झालेली आहे.

उलट बाजूने, क्यूआर न ठेवणे हा काही गुन्हा नाही. ग्राहकाला इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पैसे देण्याची सोय ठेवण्याची सक्ती आयकर कायद्याखाली आहे, पण ती वर्षाला ५० कोटींहून जास्त विक्री असलेल्या व्यवसायांना. टपरीवाला ‘फक्त रोख’ म्हणाला तर तुम्ही त्याच्यावर चिडू शकता, तक्रार करू शकत नाही.

पण रोखीचे जग चालायला सुट्टे लागतात, आणि ते कुठे आहेत? मार्च २०२५ अखेर चलनातल्या नोटांच्या एकूण मूल्यात पाचशेच्या नोटांचा वाटा ८६ टक्के होता. कर्नाटकात गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला दोन हजार रुपये खात्यात येतात (योजनेची सुरुवात ३० ऑगस्ट २०२३ रोजी म्हैसूरमध्येच झाली). महाराष्ट्रात लाडकी बहीण योजनेचे दीड हजार येतात. एटीएममधून काढले की चार नोटा किंवा तीन नोटा. कोथिंबिरीची जुडी घ्यायला त्यातली एकही उपयोगाची नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये बँकांना सांगितले की ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत ७५ टक्के आणि ३१ मार्च २०२६ पर्यंत ९० टक्के एटीएममध्ये निदान एका कप्प्यातून शंभरच्या किंवा दोनशेच्या नोटा मिळाल्या पाहिजेत. हे चांगले झाले. पण शंभरची नोट घेऊन पंधराचा चहा प्यायचा, तर पंच्याऐंशी परत देणारा कुणी हवाच.

नाण्यांबद्दल दोन गोष्टी इथेच सांगून टाकते, कारण दहाच्या नाण्यावरून अजूनही भांडणे होतात. दहा रुपयांची नाणी वेगवेगळ्या वेळी निघाली म्हणून त्यांचे चेहरे वेगळे आहेत. अशा चौदा नमुन्यांची नाणी वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच जाहीर केले आहे. ₹ हे चिन्ह असलेले खरे आणि नसलेले खोटे, ही निव्वळ अफवा. शंका असेल तर १४४४० या क्रमांकावर रेकॉर्ड केलेली माहिती ऐकता येते. दुसरे, नाणेनिर्मिती कायदा २०११ प्रमाणे एक रुपया आणि त्यावरील नाणी एका वेळी एक हजार रुपयांपर्यंतच घेणे बंधनकारक आहे. पन्नास पैशांची दहा रुपयांपर्यंत. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली.

क्यूआर फुकट कसा काय?

टपरीपर्यंत कार्ड कधी पोहोचलेच नाही. साध्या डेबिट कार्डावर दुकानदाराकडून शुल्क घेतले जाते. छोट्या व्यापाऱ्यासाठी त्याची कमाल मर्यादा ०.४० टक्के आहे, आणि वर यंत्राचे भाडे. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून हे शुल्क शून्य केले. म्हणून पुठ्ठ्यावरचा क्यूआर भाजीच्या गाडीवर आला. ऑगस्ट २०२५ मध्ये देशात एका महिन्यात यूपीआयचे दोन हजार कोटींहून जास्त व्यवहार झाले.

शुल्क शून्य असले तरी खर्च शून्य नसतो. तो काही प्रमाणात सरकार उचलते. छोट्या व्यापाऱ्याला केलेल्या दोन हजार रुपयांपर्यंतच्या भीम-यूपीआय व्यवहारावर ०.१५ टक्के प्रोत्साहन अशी योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०२५ मध्ये २०२४-२५ या वर्षासाठी मंजूर केली. तरतूद १,५०० कोटी रुपये. आदल्या वर्षी, २०२३-२४ मध्ये, या कारणासाठी ३,६३१ कोटी दिले गेले होते. आमच्या पंधरा रुपयांच्या चहावर हे प्रोत्साहन सव्वादोन पैसे होते. ते अण्णांना मिळत नाही. व्यापाऱ्याच्या बँकेला मिळते, आणि मग ग्राहकाची बँक आणि ॲप कंपन्या यांच्यात वाटले जाते.

फेरीवाल्याच्या हातात थेट काही देणारी योजना म्हणजे पीएम स्वनिधी. ऑगस्ट २०२५ मध्ये तिची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवली. पहिले कर्ज आता १५ हजारांचे, ते फेडले की २५ हजारांचे, मग ५० हजारांचे. डिजिटल व्यवहारांवर १,६०० रुपयांपर्यंत कॅशबॅक. दुसरे कर्ज वेळेत फेडणाऱ्याला यूपीआयशी जोडलेले रुपे क्रेडिट कार्ड. तुम्ही फेरीवाले असाल तर ही योजना जरूर पाहा, आणि क्यूआर काढून टाकलात तर यातला कॅशबॅक जातो, हेही लक्षात असू द्या.

इथे मला एक गोष्ट खटकते आणि ती स्पष्ट लिहिते. एका हाताने सरकार क्यूआर लावायला पैसे देते. लावताना कुणी दुकानदाराला सांगत नाही की यातून तुझी वर्षाची बेरीज तयार होत जाणार आहे. मग चार वर्षांनी ती बेरीज नोटीस होऊन दारात येते. जी यंत्रणा चार वर्षांचे व्यवहार मोजू शकते, ती पहिल्याच वर्षी, जमा पंधरा लाखांवर किंवा तीस लाखांवर गेली तेव्हा, एक एसएमएस पाठवू शकली असती. कन्नडमध्ये, मराठीत, तमिळमध्ये. पाचशेच्या नोटेमागे पंधरा भाषांत रक्कम लिहिलेली असते, तीही म्हैसूरमध्ये छापली जाते, म्हणजे हे काम अवघड आहे असे कुणी म्हणू नये. ज्यांनी खरोखर कर बुडवला असे दुकानदारही त्या यादीत असतील, आणि शेजारचा नोंदणी केलेला दुकानदार इमानाने कर भरत असताना त्यांना सोडावे असे मी म्हणत नाही. पण ज्याला नियम माहीत नव्हता आणि ज्याने माहीत असून टाळला, त्या दोघांना एकच कागद पाठवला की पहिला क्यूआर काढतो आणि दुसरा सनदी लेखापाल गाठतो.

तुम्हाला नोटीस आली, किंवा येईल असे वाटत असेल तर

नोटीस म्हणजे वसुलीचा अंतिम आदेश नव्हे. तिला मुदतीत उत्तर द्यायचे असते, आणि उत्तर न देणे हीच सगळ्यात महाग चूक ठरते. उत्तरात जमा रकमेची फोड करून दाखवा. किती विक्रीची, त्यातली करमुक्त मालाची किती, आणि विक्रीची नसलेली किती. बहुतेक छोट्या दुकानदारांनी धंद्यासाठी स्वतःचा रोजचा नंबरच वापरलेला असतो. त्यामुळे मेहुण्याने परत केलेले हातउसने, भिशीचा हप्ता, वरच्या खोलीचे भाडे, सगळे एकाच खात्यात येते. ही विक्री नाही, पण ती नाही हे तुम्हाला दाखवावे लागेल. घाऊक व्यापाऱ्याची खरेदीची बिले जपून ठेवली असतील तर हे सोपे जाते.

पुढच्यासाठी दुकानाचे खाते वेगळे करा आणि व्यापारी क्यूआर त्या खात्याला जोडा. उलाढाल मर्यादेच्या वर जात असेल तर कंपोझिशन योजना पाहा. वर्षाला दीड कोटीपर्यंत उलाढाल असणाऱ्या व्यापाऱ्याला करपात्र विक्रीवर १ टक्का आणि खाद्यगृहाला ५ टक्के भरता येतात; कर तीन महिन्यांनी एकदा भरायचा, विवरणपत्र वर्षातून एकदा. मात्र हा कर ग्राहकाच्या बिलात वेगळा लावता येत नाही, आणि खरेदीवर दिलेल्या कराची वजावट मिळत नाही. योजना नोंदणीनंतरच्या काळासाठी आहे, मागच्या वर्षांना ती लागू होत नाही. बेळगाव, निपाणीकडच्या वाचकांसाठी आणखी एक: परराज्यात करपात्र माल विकत असाल तर सहसा ४० लाखांची सूट धरता येत नाही आणि कंपोझिशनही घेता येत नाही. कोल्हापूरला माल पाठवण्याआधी कर सल्लागाराला विचारा.

अण्णांना मी हे सगळे जमेल तितक्या कन्नडमध्ये सांगितले. त्यांनी फोनवर ॲप उघडून यूपीआयची वर्षाची जमा काढून दाखवली. आकडा रेषेच्या बराच आत होता. मग मी विचारले, रोख किती येते? ते थोडा वेळ गप्प राहिले. रोजची रोख ते घरी जाताना दूधवाल्याला, बनवाल्याला, सिगारेटच्या एजंटाला देत जातात, उरलेली घरात जाते. लिहिलेली कुठेच नाही.

दुसऱ्या दिवशी मी आदल्या दिवशीचे पंधरा धरून तीस रुपये दिले, वीसची एक नोट आणि दहाचे एक नाणे. नाणे त्यांनी उलटेपालटे करून पाहिले आणि गल्ल्यात टाकले. गल्ल्याशेजारी शाळेत वापरतात तशी शंभर पानी वही होती. पहिल्या पानावर तारीख घातली होती, आणि त्याखाली एकच आकडा.